मिनिटभराच्या अंकुराची गोष्ट

मोबाइलच्या पडद्यावर बी फुटते, मातीला भेग पडते, पांढुरका कोंब मान वर काढतो आणि पाहता पाहता दोन पाने उलगडतात. गोराई-बोरिवलीच्या वसाहतींतील शाळकरी मुलांना आता या दृश्याचे अप्रूप राहिलेले नाही. विज्ञानातील एखादी संकल्पना, एखाद्या यंत्राची रचना किंवा प्रयोगशाळेतील ताजे संशोधन दोन मिनिटांत समजावून देणाऱ्या चित्रफिती त्यांच्या अभ्यासाचाच भाग झाल्या आहेत. याच बोरिवलीहून लोकलने दादरला उतरून पूर्वेला बाहेर पडले, की जवळच दादासाहेब फाळके मार्ग लागतो. पूर्वी त्याला दादर मेन रोड म्हणत. या रस्त्यावरच्या एका बंगल्यात १९१२ साली एका गृहस्थाने कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या कुंडीवर पाळत ठेवली. त्यातून तयार झालेली चित्रफीत जेमतेम मिनिटभराची होती. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव.

धुंडिराज गोविंद फाळके यांना सारा देश भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. 'राजा हरिश्चंद्र'पासून त्यांची कथा सुरू करण्याचा प्रघात आहे. परंतु हरिश्चंद्राच्या आधी वाटाणा आला होता, हे क्वचितच आठवले जाते. भारतातील कथाचित्रपटाची वाट एका विज्ञानविषयक लघुपटाने मोकळी केली, एवढेच नव्हे, तर ज्या माणसाने ही वाट काढली त्याची मूळ वृत्तीच एखादी गोष्ट कशी घडते ते उलगडून दाखवण्याची होती. या दृष्टीने पाहिले, की त्यांच्या आयुष्यातील वरवर विस्कळीत वाटणारे अनेक टप्पे एका सूत्रात येतात.

हातात मुरलेल्या कला

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणकार. त्यांना मुंबईत अध्यापकाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. वेदविद्येच्या घरातील या मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथील प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करून तो थोरल्या भावाकडे बडोद्याला गेला.

बडोद्याने फाळके यांना घडवले असे म्हणणे चुकीचे होणार नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन सुरू झाले. रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते. शास्त्र आणि कारागिरी यांची सांगड घालावी, विद्यार्थ्याने पुस्तकाबरोबर हत्यारही हाती धरावे, ही या संस्थेची धारणा होती. चित्रकलेसोबत फाळके यांनी वास्तुरचना, मूर्तिकाम आणि छायाचित्रण यांत गती मिळवली. गज्जर यांनी त्यांच्यातील हुन्नर ओळखला व त्यांना प्रोत्साहन दिले. पुढे रतलामला जाऊन ते तीन रंगांची छपाई, ठसे तयार करणे आणि डार्करूममधील प्रक्रिया शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले.

तीन रंगांच्या छपाईचा येथे थोडा विचार केला पाहिजे. मूळ चित्राचे तीन रंगांत पृथक्करण करायचे, प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा घ्यायचा आणि ते तिन्ही ठसे कागदावर एकमेकांवर अचूक उमटवायचे. केसभर फरक पडला तरी चेहऱ्याच्या कडा धूसर होतात. दृश्याचे तुकडे करून ते पुन्हा बिनचूक जुळवण्याची ही शिस्त होती. वीस वर्षांनी चित्रपटाची फीत हाती आली तेव्हा फाळके यांना तिचे मर्म इतक्या लवकर उमगले, त्यामागे या शिस्तीचा वाटा मोठा असला पाहिजे.

उपजीविका मात्र सहजासहजी बसली नाही. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथेच प्लेगने पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. ते बडोद्याला परतले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो व आयुष्य घटवतो, या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. नाटकांचे पडदे रंगवून पाहिले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोग शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने त्यांचे खेळही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातील गिरिजा करंदीकर या मुलीचे नाव लग्नानंतर सरस्वती ठेवण्यात आले. फाळके यांच्या पुढील धडपडीत या नावाला किती मोठे स्थान आहे, ते पुढे येईलच.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उसळली आणि १९०६ मध्ये त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, पुढे तो दादरला आला व 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने नावारूपास आला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळाछापाचेही काम त्यांनी केले. रंगीत छपाईची अद्ययावत यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. परंतु भागीदाराशी मतभेद झाले आणि स्वतः उभ्या केलेल्या छापखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

भिंतीवरची सावली

या रिकाम्या दिवसांत, १९११ च्या एप्रिलमध्ये, ते थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावातील तंबूवजा थिएटरात चित्रपट पाहायला गेले. पडद्यावर प्राणी हालचाल करीत होते. मुलाने घरी येऊन ते सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सारे कुटुंबच पुन्हा गेले. ईस्टरचा दिवस असल्याने तेथे ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. पडद्यावर ख्रिस्त पाहताना फाळके यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिच्यामागचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. देवांना पडद्यावर आणण्याच्या कल्पनेइतकेच, मुळात पडद्यावर काहीही हलते कसे, या प्रश्नाने त्यांना पछाडले.

त्यांनी छोटे यंत्र आणि फितींचे तुकडे पैदा केले. रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून ते तुकडे भिंतीवर उमटवून पाहायचे, दिवसा थिएटरात जाऊन बसायचे आणि मिळेल ते तांत्रिक वाङ्मय वाचून काढायचे, असा क्रम सुरू झाला. झोप जेमतेम तीन तासांवर आली. याचा परिणाम डोळ्यांवर झाला, दृष्टी अधू होत गेली आणि काही काळ तर दिसेनासेच झाले. मुंबईतील डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत मिळाली. चित्र हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यावर ओढवलेले हे संकट किती भयंकर होते, हे वेगळे सांगायला नको. त्यातून उठल्यावर त्यांनी विश्रांती घेतली नाही. विम्याच्या सुमारे १२ हजार रुपयांच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते इंग्लंडला निघाले.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे ते वाचक होते, तेवढ्या आधारावर त्यांनी त्याच्या संपादकांचे कार्यालय गाठले. संपादकांनी आधी या धंद्यातील धोके दाखवले. फाळके यांची तयारी पाहून मात्र त्यांनी वॉल्टन येथील स्टुडिओचे चालक सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. चित्रण, धुलाई, छपाई, जोडकाम असे सर्व विभाग फाळके यांनी तेथे पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकच्या कोऱ्या फितीची तजवीज करून १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईला परतले. त्याच दिवशी 'फाळके फिल्म्स'चा जन्म झाला.

कुंडीतला प्रयोग

कॅमेरा होता, भांडवल नव्हते. तयार चित्रपट विलायतेहून येत असताना एका मराठी माणसाला घरच्या घरी तो बनवता येईल, यावर सावकाराने विश्वास का ठेवावा? हा विश्वास शब्दांनी बसणार नव्हता. म्हणून फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले.

पिकाची वाढ माणसाला दिसत नाही, कारण ती फार संथ असते. चित्रपटातील हालचाल भासते, कारण वेगवेगळी स्थिर चित्रे डोळ्यांसमोरून वेगाने सरकतात. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. आता समजा, चित्रे टिपण्याची गती अत्यंत मंद ठेवली आणि दाखवण्याची गती नेहमीचीच राखली, तर महिन्याचा काळ मिनिटात आक्रसतो. दिसण्यापलीकडची वाढ दृष्टीच्या टप्प्यात येते. कॅमेऱ्याचे हँडल तेव्हा हाताने फिरवीत. नेहमीच्या चित्रणात एका फेऱ्यात आठ चित्रे उमटत. पण चमत्कृतीच्या दृश्यांसाठी एका फेऱ्यात एकच चित्र घेण्याचीही सोय अशा यंत्रांत केलेली असे. फाळके यांना हे तत्त्व उपयोगी पडले.

या चित्रणाविषयी लिहिताना दिवसाला एक चित्र घेतले, असे सांगण्याची पद्धत आहे. साधा हिशेब मांडला तर निराळी गोष्ट लक्षात येते. मिनिटभराच्या फितीला सेकंदाला १६ या दराने ९६० चित्रे लागतात. रोज एकच चित्र घेतले असते, तर महिन्याची सारी मेहनत दोन सेकंदांतच संपली असती. मिनिट भरून काढायचे तर दिवसाला सरासरी ३२ चित्रे हवीत. केवळ सूर्यप्रकाशाच्या बारा तासांत ती घ्यायची म्हटली, तर दर वीस-बावीस मिनिटांनी कॅमेऱ्याजवळ जायला हवे. कुंडी आणि कॅमेरा यांपैकी काहीही रेसभर हलता कामा नये, उजेडात फार फरक पडता कामा नये आणि रोपाला पाणी घालणेही चुकता कामा नये. स्वतः पेरलेल्या रोपाची अशी चाकरी करणाऱ्याच्या अंगी प्रयोगशाळेतील संशोधकाची चिकाटी हवी.

हे तंत्र फाळके यांनी शोधून काढलेले नव्हते. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोपांच्या हालचाली अशाच रीतीने टिपल्या होत्या. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये उमलत्या फुलांचा लघुपट केला होता आणि तो लोकप्रियही झाला होता. फ्रान्समध्ये जाँ कोमाँदों सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून जिवाणूंचे चित्रण करीत होते. युरोपात ज्यासाठी विद्यापीठे आणि भांडवलदार कंपन्या पाठीशी होत्या, ते दादरच्या घरात, उसन्या पैशांवर आणि नुकत्याच सावरलेल्या डोळ्यांनी केले गेले, हे फाळके यांच्या प्रयोगाचे वेगळेपण.

निवडक मंडळींसमोर 'अंकुराची वाढ' दाखवण्यात आली. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी ती पाहून फाळके यांना कर्ज देण्याची तयारी दर्शवली. वाटाण्याच्या वेलाने हरिश्चंद्राचे भांडवल उभे केले, ते असे.

भोकांचा हिशेब

'राजा हरिश्चंद्र'चे वर्णन पुष्कळदा झाले आहे. नायिकेच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला तारामती केले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, रोहिदासाची भूमिका भालचंद्रने केली. त्र्यंबकेश्वरचे मित्र त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा चालवायला फाळके यांनीच शिकवले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसमोर आला.

या चित्रपटाचा एक हिशेब मात्र सहसा मांडला जात नाही. त्याची लांबी सुमारे ३ हजार ७०० फूट होती. कोरी फीत सलग येई, तिच्या दोन्ही कडांना भोके घरी पाडावी लागत. त्या भोकांत यंत्राचे दात अडकतात म्हणूनच फीत सरकते. एका चित्राला प्रत्येक कडेला चार आणि फुटाला १६ चित्रे, म्हणजे फुटाला भोकांच्या ६४ जोड्या. एवढ्या लांबीच्या एका प्रतीसाठी २ लाख ३६ हजारांहून अधिक जोड्या होतात. मूळ चित्रणाची फीत, वाया गेलेले तुकडे आणि प्रत्येक नवी प्रत यांची भर निराळीच. एखादे भोक तिरके गेले तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. हे काम अंधारात करावे लागे आणि ते सरस्वतीबाई करीत.

दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रणाच्या वेळी ऊन परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, रात्री फितीला भोके पाडणे, रसायने कालवणे, धुलाईत मदत करणे, असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांना हे सारे शिकवणारेही फाळकेच. ज्या काळात घरंदाज स्त्रीने चित्रपट पाहावा की नाही यावर काथ्याकूट चाले, त्या काळात एक मराठी गृहिणी चित्रपटनिर्मितीच्या रासायनिक आणि यांत्रिक बाजूंत तरबेज झाली होती. 'अंकुराची वाढ' असो वा 'राजा हरिश्चंद्र', श्रेयनामावलीची पद्धत नसलेल्या त्या जमान्यात हे श्रम पडद्यामागेच राहिले.

दुसऱ्यांदा तीच युक्ती

यशानंतर फाळके यांनी कारखाना नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' पाठोपाठ आले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि चित्रपटात स्त्रिया अवतरल्या. मुख्य चित्रपटाला जोडून छोटे पट दाखवण्याची तेव्हा रीत होती. फाळके यांनी या जागेचा मनमुराद उपयोग केला. 'पिठाचे पंजे' हे प्रहसन होते. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या आपोआप हलून आकृत्या रचीत. यामागचे तत्त्व वाटाण्याच्या चित्रणातलेच होते. एक चित्र घ्यायचे, काडी किंचित सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. प्रोफेसर केल्फाच्या जादूलाही त्यांनी पडद्यावर स्थान दिले. गोदावरीची दृश्ये आणि तळेगावचा काच कारखाना हेही त्यांच्या लघुपटांचे विषय झाले. तळेगावचा हा कारखाना पैसा फंडातून, सामान्य माणसाच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला. स्वदेशी उद्योगात काच कशी घडते हे पडद्यावर दाखवणे, ही नोकरीवर लाथ मारून बाहेर पडलेल्या फाळके यांना आपल्याच व्रताची पूर्तता वाटली असेल, तर नवल नाही.

१९१४ मध्ये ते तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या कामाची तेथे वाखाणणी झाली, तिथेच राहून चित्रपट करण्याचे प्रस्तावही आले. ते नाकारून त्यांनी घरची वाट धरली. परंतु त्याच सुमारास महायुद्ध भडकले. पैसा पुरवणाऱ्यांनी हात आखडले, कोऱ्या फितीची आवक रोडावली, कारखान्यातील माणसांचे पगार भागवणे अवघड झाले. सरस्वतीबाईंचे दागिने या काळात गेले. औंध, इंदूर यांसारख्या संस्थानांच्या दारी जाऊन कर्ज मिळवावे लागले.

आणि पाच वर्षांपूर्वीचीच युक्ती फाळके यांनी पुन्हा योजली. १९१७ मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट केला. भांडवलदारांना या धंद्याची घडण कळावी, हा त्यामागचा व्यवहार. दिग्दर्शन, चित्रण, धुलाई, जोडकाम, अशी साखळी त्यात उलगडली होती. जादूगार आपली हातचलाखी झाकतो, फाळके यांनी मात्र आपल्या सगळ्यात मोठ्या जादूची उकल स्वतःहून चव्हाट्यावर मांडली. याच सुमारास 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहून त्यांनी आपल्या उद्योगाची हकिकत शब्दांतही नोंदवली.

दोन्ही वेळा घडले ते सारखेच. शैक्षणिक लघुपटाने धनिकांचा विश्वास मिळवला आणि मिळालेले धन पौराणिक चित्रपटांत गेले. त्याच वर्षी आलेल्या 'लंकादहन'ने गर्दीचे उच्चांक मोडले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. लोकांना मारुतीचे उड्डाण हवे होते, काचेची भट्टी पाहायला तिकीट काढणारे थोडेच. फाळके यांनीही हा कौल मनापासून स्वीकारला. पौराणिक कथांवर त्यांची श्रद्धा होती आणि मारुतीला आकाशातून नेण्यासाठी लागणारे तंत्रकौशल्य हीच त्यांची खरी प्रयोगशाळा झाली. तरीही त्यांच्या प्रतिभेची एक शाखा तेथे खुंटली, हे नमूद केलेच पाहिजे. 'अंकुराची वाढ'सारख्या चित्रफिती शाळांमधून दाखवण्याची व्यवस्था तेव्हाच उभी राहिली असती, तर या देशातील विज्ञानशिक्षणाला केवढे साधन लाभले असते!

मावळतीचे दिवस

१९१८ मध्ये 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. पैशाची विवंचना मिटली, पण भागीदारांचा हिशेबी कारभार आणि फाळके यांची प्रयोगासाठी वेळ व पैसा खर्चण्याची वृत्ती यांचे जमले नाही. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' यांत त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि या चित्रपटांनी लोकांना वेड लावले. तरी लवकरच कंपनी सोडून ते काशीला निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही काळाने ते परतले, पुन्हा चित्रपट करू लागले, पण पूर्वीची पकड उरली नव्हती. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. 'सेतुबंधन' हा त्यांचा मूकपट या संक्रमणात सापडला, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला.

नव्वदहून अधिक चित्रपट आणि पंचविसाहून अधिक लघुपट ही त्यांची कमाई. हाती पैसा मात्र राहिला नाही. १९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, त्यातील नवी पिढी त्यांना जवळजवळ विसरली होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.

मरणोत्तर गौरव उदंड झाला. १९६९ पासून देशातील चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव आहे. त्यांनी चाचपडत काढलेली दुसरी वाट बुजली नाही, तीही इतरांनी रुंद केली. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनने धरणे, कारखाने आणि शेती यांवरील माहितीपट चित्रपटगृहांतून घराघरांतील प्रेक्षकांपर्यंत नेले. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने टाकाऊ वस्तूंतून प्रयोग करून दाखवणाऱ्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत तयार केल्या. एक-दोन मिनिटांत एक गोष्ट नीट दाखवावी आणि ती कशी घडते ते पाहणाऱ्याला कळावे, ही दादरच्या कुंडीसमोरची रीत आज मुलांच्या हातातील मोबाइलपर्यंत येऊन पोहोचली आहे. ठरावीक अंतराने आपोआप चित्रे घेण्याची सोय या यंत्रात आहे. त्यामुळे गोराईतील एखाद्या गॅलरीत वाटाण्याची कुंडी ठेवून ही चित्रफीत पुन्हा करता येते, दर वीस मिनिटांनी हँडल फिरवायला कोणी उठावे लागत नाही.

'अंकुराची वाढ' ही चित्रफीत आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळातील बहुतेक फितींप्रमाणे तीही काळाच्या उदरात गडप झाली. 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटाचे काही तुकडे मात्र टिकले आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ते जतन झाले आहेत. त्यांत फाळके स्वतः दिसतात. नटांना सूचना देताना, काम करताना, हातातील फीत निरखताना. शंभरहून अधिक देवदानवांना त्यांनी पडद्यावर आणले, पण ते स्वतः कामात गढलेले पाहायचे असतील, तर चित्रपट कसा घडतो हे शिकवणाऱ्या या छोट्याशा पटाकडेच जावे लागते.